ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) दुरुस्तीला काढायचा आहे. तोवर सांडपाण्याच्या मर्यादेतून सूट मिळेल का?

प्रश्न : आमच्या सहकारी दूध संघाच्या प्लांटवर रोज 40 हजार लिटर दुधावर प्रक्रिया होते आणि साधारण 100 घनमीटर सांडपाणी निघतं. ईटीपीच्या एरेशन टाकीला (जिथे पाण्यात हवा भरतात) दिवाळीपासून तडा आहे, तळातले हवा सोडणारे निम्मे डिफ्यूझर बंद पडलेत. टाकी पूर्ण रिकामी करून ठेकेदार वीस दिवस मागतोय. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडीची (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. प्लांट बंद ठेवला तर शेतकऱ्यांचं दूध घ्यायचं कसं? चेअरमन म्हणतात, "वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, रात्री ओढ्याला सोडा." माझा भाचा अमेरिकेत कारखान्यात आहे. तो म्हणतो, तिकडे दुरुस्तीपुरती बायपासची, म्हणजे प्रक्रिया न करता पाणी सोडायची, परवानगी मिळते. आपल्याकडे प्रदूषण मंडळ तशी सवलत देतं का?
– प्लांट मॅनेजर, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दुरुस्ती चालू आहे तोवर मर्यादा पाळू नका, असं लिहून द्यायची तरतूद 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात नाही. पण अर्ज करण्यात काही अर्थ नाही, असं यावरून समजू नका. मंडळाकडे घाण सोडायची परवानगी मागायची नसते. दुरुस्तीच्या दिवसांत सांडपाणी कुठे आणि कसं जाईल, याला लेखी मंजुरी मागायची असते. ती मिळू शकते.

आधी संमतीपत्र काढा आणि शेवटची पानं वाचा. बीओडी-सीओडीचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, मागच्या सर्वसाधारण अटी मात्र कोणी उघडून पाहत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत सहसा दोन अटी असतात. सांडपाण्याचं प्रमाण, गुणवत्ता, सोडण्याची पद्धत किंवा नियंत्रण यंत्रणा यांत मंडळाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय बदल करायचा नाही, ही एक. आणि प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली, तर तिला जोडलेलं उत्पादन थांबवायचं, ही दुसरी. तुमच्या अर्जाला आधार पहिल्या अटीचा आहे आणि चेअरमनना उत्तर दुसऱ्या अटीत आहे.

आता आकड्याचं. पर्यावरण संरक्षण नियमांच्या परिशिष्टात दुग्धउद्योगासाठी बीओडी लिटरला 100 मिलिग्रॅम आहे. ज्या जलाशयात पाणी जातं तो पिण्याच्या पाण्याचा स्रोत असेल, तर हा आकडा 30 पर्यंत कडक करता येतो. राज्य मंडळाला केंद्राच्या मानकापेक्षा कडक आकडा ठरवता येतो, सैल नाही. संमतीच्या अटींचा फेरविचार करायचा अधिकारही जल कायद्याच्या कलम 27 खाली मंडळाला आहे. म्हणजे कायद्याच्या चौकटीत सवलतीला जागा असलीच तर ती 30 आणि 100 यांच्यामधली. पण तुमचा ओढा पुढे पंचगंगेला मिळत असेल, तर तीही धरून चालू नका. त्या नदीचं पाणी खालची गावं पितात. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातूनच, आणि ती तिथलं कोणी विसरलेलं नाही. शिवाय एरेशनशिवाय तुमचं पाणी 100 च्या जवळपासही येणार नाही. दूध प्लांटच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी सहसा हजाराच्या आसपास किंवा पुढे असतो.

काही जण कलम 31 कडे बोट दाखवतात. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने दूषित पाणी बाहेर गेलं, किंवा जाण्याची शक्यता असली, तर मंडळाला ताबडतोब कळवायचं, असं ते कलम सांगतं. दिवाळीपासून दिसत असलेला तडा अनपेक्षित नाही. उद्या भिंतच कोसळली, तर ते कलम लागेल आणि तेव्हा दिवस उजाडायची वाट न पाहता फोन आणि ईमेल दोन्ही करा. पण कळवणं हे तुमचं कर्तव्य आहे. कळवलं म्हणून सोडलेलं पाणी माफ होत नाही.

न्यायालयांची भूमिका याहून कडक आहे. कानपूरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलं होतं, की किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जसं चालू राहता येत नाही, तसंच प्राथमिक प्रक्रिया केंद्र उभारू न शकणाऱ्या टॅनरीलाही येणार नाही. 2017 मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर याच न्यायालयाने आदेश दिला, की चालू स्थितीतलं प्रक्रिया केंद्र नसलेला उद्योग चालू ठेवू देऊ नये, गरज पडली तर वीज तोडावी. या निकालांनंतर कोणता अधिकारी तुम्हाला थेट बायपासची परवानगी लिहून देईल?

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत बायपासची आधी कल्पना असेल, तर शक्य तितकं दहा दिवस अगोदर कळवावं लागतं. पण मर्यादा ओलांडणारा बायपास तिथेही मुळात निषिद्धच आहे. जीवितहानी किंवा मालमत्तेचं गंभीर नुकसान टाळायला दुसरा इलाज नव्हता, पाणी साठवून ठेवणं, पर्यायी यंत्रणा वापरणं, कामकाज बंद असतानाच्या काळात दुरुस्ती करणं हे काहीही शक्य नव्हतं, असं असेल तरच कारवाईतून सुटका. तो कायदा इथे लागू नाही, पण ही कसोटी अर्ज लिहिताना वापरा. तुमच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या मनातही हेच प्रश्न येणार आहेत.

आता करायचं काय? रोजचे 100 घनमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. वीस दिवसांत वीस लाख लिटर. एवढं पाणी साठवणं तुमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून आधी पाणीच कमी करा. त्या दिवसांपुरतं दूध फक्त थंड करून शेजारच्या संघाकडे किंवा मोठ्या डेअरीकडे प्रक्रियेला पाठवा. दर लिटरमागे काही पैसे जातील, पण शेतकऱ्याचं दूध एकही दिवस परत जाणार नाही. संचालक मंडळाला हे याच शब्दांत सांगा, कारण तिथे खरा धाक दूध नाकारण्याचा असतो. पनीर-चक्क्याचं उत्पादन पूर्ण थांबवा. पनीरच्या निवळीचा बीओडी तीस हजारांच्या पुढे जातो. बाकीच्या सगळ्या धुण्यापेक्षा ती एकटी भारी पडते. कॅन आणि टँकर धुताना पहिलं दुधाळ पाणी वेगळं काढून पशुखाद्याला द्या.

उरलेल्या पाण्यासाठी दोन मार्ग. भाड्याने मिळणारं तात्पुरतं प्रक्रिया युनिट आणून बसवा, किंवा टँकरने जवळच्या एमआयडीसीच्या सामाईक प्रक्रिया केंद्रात पाठवा. दुसरा मार्ग घेतलात तर केंद्राचं लेखी संमतीपत्र, मंडळाची मंजुरी आणि प्रत्येक फेरीची पावती या तिन्ही गोष्टी हव्यात. टँकर गेटबाहेर पडला की जबाबदारी संपली, असं समजू नका. टँकरवाल्याने वाटेत नाल्यात ओतलं, तर पहिली नोटीस तुमच्याच नावाने येईल.

अर्ज काम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे द्या, प्रत प्रादेशिक अधिकाऱ्याला, आणि पोच घ्या. मजकूर साधा असू द्या : "एरेशन टाकीच्या दुरुस्तीसाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ईटीपी बंद राहील. या काळात प्रक्रिया बंद ठेवून केवळ दूध शीतकरण चालू राहील. निर्माण होणारे अंदाजे इतके घनमीटर सांडपाणी सोबतच्या पत्रानुसार सामाईक केंद्रात पाठवले जाईल. ओढ्यात कोणताही विसर्ग होणार नाही. या तात्पुरत्या बदलास लेखी मंजुरी मिळावी." ठेकेदाराचं वेळापत्रक, कार्यादेश, तड्याचे फोटो जोडा. मंडळ बँक गॅरंटी मागू शकतं, तिची तयारी ठेवा. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या, भेट घ्या. मौन म्हणजे मंजुरी नाही. लेखी नकार आला, तर कलम 28 खाली 30 दिवसांत अपील करता येतं.

रात्री ओढ्याला सोडण्याबद्दल आता थेट बोलतो. दूषित पाणी ओढ्या-नदीत सोडायला मनाई करणाऱ्या कलम 24 चा गाभा 'जाणूनबुजून' या शब्दात आहे आणि चेअरमनच्या त्या वाक्यात जाणूनबुजूनच आहे. पकडलं जायला रंगेहाथ सापडायची गरज नाही. ईटीपीसाठी वेगळं वीजमीटर ठेवायची अट असते. त्याचं रीडिंग आणि दूध संकलनाचं रजिस्टर शेजारी ठेवलं, की टाकीत हवा भरणारा ब्लोअर बंद असताना किती दूध आलं ते क्षेत्र अधिकाऱ्याला तिथेच कळतं. पुढे कलम 33अ खाली बंदीचा आणि वीज तोडण्याचा आदेश येऊ शकतो. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राने पर्यावरण भरपाई. तुमचा प्लांट प्रदूषणाच्या वर्गवारीत नारिंगी, म्हणजे मधल्या वर्गात आणि मध्यम आकाराचा धरला, तर ती रोजची साडेबारा हजारांच्या घरात जाते आणि उल्लंघन थांबेपर्यंत मोजली जाते. ती भरून मोकळं व्हायचा हिशेब कोणी मांडत असेल, तर त्याला बंदीचा आदेश दाखवा. बंद प्लांट पुन्हा सुरू करायला वीस दिवस पुरत नाहीत. शिक्षेची कलमं 2024 च्या केंद्रीय दुरुस्तीने बदलली. बऱ्याच गुन्ह्यांत तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला, पण ज्या राज्यांनी ठराव करून ती स्वीकारली तिथेच. म्हणून नोटीस आली तर ती कोणत्या तरतुदीखाली आहे ते वकिलाकडून आधी तपासून घ्या.

कलम 47 प्रमाणे कामकाजाचा प्रभारी म्हणून तुम्ही स्वतः आरोपी होऊ शकता. गुन्हा माहीत नव्हता, किंवा तो टळावा म्हणून सर्व दक्षता घेतली, हे दाखवता आलं तरच सुटका आहे. तुम्हाला तर माहीत आहे, त्यामुळे दक्षताच दाखवावी लागेल. म्हणून चेअरमन आणि संचालक मंडळाला लेखी टिपण द्या : ओढ्यात पाणी सोडणं बेकायदा आहे, पर्याय हे आहेत, खर्च इतका आहे. त्याची पोच घरी ठेवा. तोंडी आदेशावर व्हॉल्व्ह उघडू नका, आणि हाताखालच्या ऑपरेटरलाही उघडायला लावू नका. अडचण आली तर सगळ्यात आधी त्याचं नाव पुढे केलं जातं.

दुरुस्तीच्या काळात अधिकारी नमुना घ्यायला आला, तर अडवू नका. कायदेशीर नमुना तुमच्यासमोर दोन भागांत विभागून, सीलबंद करून, दोघांच्या सह्यांनी घ्यायचा असतो. तसं होतंय ना, एवढं पाहा.

आणि ठेकेदाराचे वीस दिवस हे फक्त सिव्हिल कामाचे आहेत. टाकी भरली की प्लांट चालू झाला, असं होत नाही. त्यातले जिवाणू पुन्हा वाढायला दोन ते चार आठवडे लागतात. टाकी रिकामी करण्याआधी जिवंत स्लजचा (जिवाणूंच्या गाळाचा) काही भाग दुसऱ्या टाकीत काढा आणि छोटा ब्लोअर लावून हवा देत राहा, म्हणजे हा काळ कमी होईल. अर्जातली मुदत हे दिवस धरूनच मागा. मुदतवाढीचा दुसरा अर्ज पहिल्याइतका सहज घेतला जात नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल 30 च्या आत आला, की तो मंडळाला पाठवा आणि मगच पूर्ण दूध प्रक्रियेला घ्या.