तिकीट नक्की ठरवतं कोण? सोलापूरकरांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या राज्यांच्या निवडणुका आणि तिथली प्रायमरी यावर दोन पानं छापली होती. पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच आधी मत देऊन ठरवायचं आणि मग काही महिन्यांनी खरी निवडणूक, असा तो प्रकार. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं पान त्यांनाच दिलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून फक्त गाव किंवा पेठ.

ताई, माझी भाची व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहते, तिकडचं नागरिकत्व घेतलंय. ती म्हणते जूनमध्ये मत दिलं आणि आता नोव्हेंबरमध्ये त्याच जागेसाठी परत द्यायचंय. मला काय कळंना. एकाच पक्षाची माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहतात आणि पक्ष गप्प बसतो?
— जुळे सोलापूर

भाची बरोबर सांगते. व्हर्जिनियाची विधानसभा, हाऊस ऑफ डेलिगेट्स, १०० जणांची आहे आणि दर दोन वर्षांनी, तेही विषम वर्षात, सगळ्या जागांची निवडणूक होते. वरचं सभागृह सिनेट, ते ४० जणांचं, मुदत चार वर्षं. म्हणजे साधारण ८६ लाख लोकसंख्येला १४० आमदार, आणि आपला सोलापूर जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांचा, आपल्याला ११. आमदाराचा मतदारसंघ एवढा लहान असला की प्रायमरीत दारोदार फिरून माणूस निवडून येऊ शकतो, हे आधी लक्षात घ्या.

जूनच्या तिसऱ्या मंगळवारी प्रायमरी असते. उभं राहायचं तर हाऊससाठी मतदारसंघातल्या १२५ मतदारांच्या सह्या लागतात, सिनेटसाठी २५०. मतदान सरकारी यंत्रणाच घेते, नेहमीच्याच केंद्रांवर. व्हर्जिनियात मतदार नोंदणीत पक्ष लिहिलेला नसतो, त्यामुळे दोन्ही पक्षांची प्रायमरी एकाच दिवशी असेल तर केंद्रावर विचारतात, तुम्हाला कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी, आणि एकच मिळते. सगळीकडे असं नाही हं. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियात त्या पक्षाचा म्हणून नोंदलेला मतदारच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देतो, आणि कॅलिफोर्नियात तर सगळे उमेदवार एकाच यादीत, पहिले दोन पुढे जातात, भले दोघं एकाच पक्षाचे असोत.

आणि पक्ष गप्प बसतो का? आतून हालचाली होतात, मोठे नेते कुणाला तरी पाठिंबा जाहीर करतात, पण नाव कापता येत नाही. २०२३ ची प्रायमरी बघा, २० जूनला झाली. त्याआधी मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या होत्या त्यामुळे बरेच जुने आमदार अनोळखी भागात अडकले. चॅप पीटरसन हे २००८ पासूनचे सिनेटर, डेमोक्रॅटिक पक्षाचेच, त्यांना त्यांच्याच पक्षाच्या सद्दाम सलीम या तरुणाने प्रायमरीत पाडलं, आणि हा मुलगा बांगलादेशात जन्मलेला. जो मॉरिसी, जॉर्ज बार्कर हे पण पडले, रिपब्लिकन बाजूला अमांडा चेस पडल्या. एका दिवसात, मतदारांनी, नोव्हेंबर यायच्या आधीच. नंतर नोव्हेंबरमध्ये सिनेट २१-१९ आणि हाऊस ५१-४९ अशी डेमोक्रॅटांकडे गेली, म्हणजे एकेका जागेला किती किंमत होती बघा, आणि तरी त्या जागांवर कोण उभं राहणार हे लोकांवर सोडलेलं.

मी दक्षिण सोलापूरचा कार्यकर्ता. २०२४ ला आमच्याकडे जे झालं त्याने अजून मन उठलंय. आघाडीचा उमेदवार एक, नेत्यांचा पाठिंबा दुसऱ्याला, आणि आम्ही प्रचार कुणाचा करायचा? प्रायमरी असती तर हे टळलं असतं का?
— होटगी रोड

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि ही तक्रार फक्त तुमची नाही.

ज्या वाचकांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०२४ च्या विधानसभेला अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर, मधे दिवाळी, मतदान २० नोव्हेंबर. दक्षिण सोलापूरची जागा महाविकास आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेकडे, उमेदवार अमर पाटील. तरी काँग्रेसच्या यादीत दिलीप मानेंचं नाव आलं, पण एबी फॉर्म काही मिळाला नाही. धर्मराज काडादी अपक्ष उभे होते, आणि मतदानाच्या दिवशी सुशीलकुमार शिंदे आणि प्रणिती शिंदे यांनी काडादींना पाठिंबा जाहीर केला. निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख, सलग तिसऱ्यांदा. तिकडे सांगोल्यात पण आघाडीचं तसंच, ठाकरेंच्या सेनेने दीपक साळुंखेंना दिलं आणि शेकापने बाबासाहेब देशमुखांना, फक्त तिथे लोकांनीच निकाल लावला आणि गणपतराव देशमुखांचा नातू निवडून आला. एकाच आघाडीत दोन उमेदवार असले की त्याला आपल्याकडे मैत्रीपूर्ण लढत म्हणायची पद्धत आहे. खाली बूथवर बसणाऱ्या पोरांची त्यात जी ओढाताण होते ती कुणी मोजत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता एबी फॉर्म. ए फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवायचा अधिकार कुणाला आहे, आणि बी फॉर्ममध्ये तो अधिकारी उमेदवाराचं नाव लिहितो. दोन्ही शाईच्या सहीने, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर. चिन्ह मिळणार की नाही ते या दोन कागदांवर. म्हणून शेवटच्या दिवशी गाड्या पळतात, फोन बंद होतात, दोघं-तिघं इच्छुक एकाच पक्षाचे अर्ज भरून बाहेर उभे असतात आणि कागद कुणाच्या हातात पडतो याकडे डोळे लावून बसतात. वीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस आणि काल पक्षात आलेला माणूस, त्या टेबलापाशी दोघं सारखेच. इच्छुकांच्या मुलाखती होतात, निरीक्षक येतात, सर्व्हे होतो म्हणतात, पण त्या सर्व्हेत काय आलं हे कधी कुणाला दाखवलंय?

टळलं असतं का, तर थोडं टळलं असतं, सगळं नाही. आघाडीत जागा कुणाला हा प्रश्न प्रायमरी सोडवत नाही, अमेरिकेत अशा आघाड्याच नाहीत. पण दुसरी एक गोष्ट तिथे आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. व्हर्जिनियात आणि बहुतेक राज्यांत कायदाच असा की प्रायमरीत हरलेल्याचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्याच जागेसाठी येऊ शकत नाही, ना अपक्ष म्हणून ना दुसऱ्या पक्षाकडून. बंडखोरीला तिथेच आळा. आणि हरलेला माणूस पण मान खाली घालून का होईना मान्य करतो, कारण त्याला लोकांनी हरवलेलं असतं, बंद खोलीतल्या चौघांनी नाही. आपल्याकडचा बंडखोर म्हणतो माझ्यावर अन्याय झाला, आणि खरं सांगायचं तर त्याला खोटं पाडायला पक्षाकडे आकडाच नसतो.

दोघांना अगदी सारखी मतं पडली तर काय करतात?
— अकलूज

चिठ्ठी. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६५ मध्ये तेच आहे, आणि २०१७ ला मुंबई महापालिकेत एका वॉर्डात सेना-भाजपच्या उमेदवारांची मतं सारखी झाल्यावर चिठ्ठीवरच निकाल लागला होता. त्याच वर्षी व्हर्जिनियात ९४ नंबरच्या मतदारसंघात शेली सायमंड्स आणि डेव्हिड यान्सी, दोघांना ११,६०८ मतं. आधी यान्सी १० मतांनी पुढे होते, फेरमोजणीत सायमंड्स एका मताने पुढे गेल्या, मग एका वादग्रस्त मतपत्रिकेवर न्यायाधीशांनी निर्णय दिला आणि बरोबरी झाली. ४ जानेवारी २०१८ ला दोन नावं फिल्मच्या डब्यांत घालून एका भांड्यात ठेवली आणि एक काढलं, यान्सींचं निघालं. त्या एका डबीवर रिपब्लिकनांचं ५१-४९ बहुमत टिकलं. सायमंड्स २०१९ ला परत उभ्या राहिल्या आणि जिंकल्या.

आम्ही पूर्व भागातले, घरात यंत्रमाग. आमच्यातल्या एखाद्या पोरीला आमदारकीला उभं राहायचं असेल तर तुमची ती प्रायमरी म्हणजे एकाऐवजी दोन निवडणुकांचा खर्च. मग ती परत पैसेवाल्यांचीच नाही का होणार?
— अशोक चौक

हा सगळ्यात टोकदार प्रश्न आला, आणि तुमची शंका रास्त आहे. व्हर्जिनियात उमेदवाराला कुणी किती देणगी द्यावी यावर मर्यादाच नाही, एखादा धनाढ्य माणूस पाहिजे तेवढे डॉलर ओतू शकतो आणि ओततात. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्च मर्यादा आहे, ती कागदावर किती आणि रस्त्यावर किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिथे हाऊसच्या सदस्याला वर्षाला १७,६४० डॉलर पगार, त्यात घर चालत नाही, म्हणून नोकरी सांभाळून आमदारकी करायची, म्हणजे कामगार बाईला तसंही अवघडच.

तरी एक बाजू दुसरी पण आहे. गझाला हाश्मी, जन्म आपल्या शेजारच्या हैदराबादचा, कॉलेजात शिकवायच्या, राजकारणात कुणी गॉडफादर नाही. २०१९ ला प्रायमरी जिंकून सिनेटला उभ्या राहिल्या आणि तिथल्या रिपब्लिकन आमदाराला हरवून निवडून आल्या. २०२५ च्या जूनमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या पदाच्या, प्रायमरीत सहा जण होते, त्या ३० टक्क्यांपेक्षा कमी मतांवर पहिल्या आल्या, आणि नोव्हेंबरमध्ये ती निवडणूक पण जिंकल्या. तीस टक्क्यांच्या आत उमेदवारी मिळते हे मला स्वतःला पटत नाही, टेक्सास आणि जॉर्जियात पन्नास टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या दोघांत परत मतदान घेतात, ते जास्त बरं वाटतं. पण विचार करा, अशा बाईला आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या शब्दावर मिळाला असता? पूर्व भागातल्या पोरीला प्रायमरीत निदान गल्लोगल्ली फिरून मतं तरी मागता येतील. आज तिने मागायचं कुणाकडे, हेच तिला माहीत नाही.

भारतात कुणी हे करून बघितलंय का?
— पंढरपूर, कॉलेज विद्यार्थी

हो. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने राहुल गांधींच्या पुढाकाराने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. पण मत द्यायचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, सामान्य मतदाराला नाही. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे उमेदवार ठरले आणि दोघं मोदी लाटेत पडले, आणि प्रयोग तिथेच थांबला. एका लाटेतल्या निकालावरून पद्धत टाकून दिली हे मला चुकीचं वाटतं. अमेरिकेतही हे एका रात्रीत आलं नाही बरं का, विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट नावाचा गव्हर्नर स्वतःच्याच पक्षातल्या पुढाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडला, १९०४ ला लोकांनी सार्वमतात कायदा मंजूर केला आणि १९०६ ला तिथे राज्यभर पहिली प्रायमरी झाली.

आपला कायदा याबाबत गप्प आहे. कलम २९ए खाली पक्षाची नोंदणी होते, पण उमेदवार कसा निवडायचा यावर एक ओळ नाही. म्हणजे प्रायमरी घ्यायला बंदी पण नाही, पक्षाने ठरवलं तर उद्या घेऊ शकतो.

जूनच्या त्या मतदानाला लोक जातात तरी का?
— नवी पेठ

नोव्हेंबरच्या मानाने फार कमी जातात, आणि हा त्या पद्धतीतला मोठा दोष आहे. थोडेच लोक येतात, ते पक्षाचे कट्टर असतात, म्हणून उमेदवार पण त्यांना आवडेल असं टोकाचं बोलतो. पण जिथे एकाच पक्षाचा जोर असतो तिथे जूनची निवडणूक हीच खरी. आपल्या शहर उत्तरचं बघा, २००४ पासून विजय देशमुखच निवडून येतायत. अशा ठिकाणी भाजपचं तिकीट कुणाला यावर सगळं ठरतं, आणि नेमकं त्याच प्रश्नावर उत्तरच्या मतदाराला, अगदी भाजपच्या मतदारालासुद्धा, बोलायची जागा नाही.

मी बूथ प्रमुख आहे. पक्ष सांगणार नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण पुढच्या वेळेस आम्ही कार्यकर्त्यांनी मागायचं काय ते सांगा.
— मोहोळ

पूर्ण प्रायमरी मागू नका, लगेच मिळणार नाही आणि मागणी केराच्या टोपलीत जाईल. तीन गोष्टी मागा, तालुक्याच्या बैठकीत, लेखी, सगळ्या बूथ प्रमुखांच्या सह्या घेऊन. एक, इच्छुकांची यादी अर्ज भरायची तारीख सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी नोटीस बोर्डावर लावा. दोन, मतदारसंघातल्या सगळ्या बूथ प्रमुखांचं गुप्त मतदान घ्या, मोजणी त्याच हॉलमध्ये त्याच दिवशी, आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवा. वरच्यांना तो कौल बांधील नसला तरी चालेल, सुरुवातीला एवढंच, पण कौलाच्या विरुद्ध नाव आलं तर कारण लेखी द्या. तीन, हरलेल्या इच्छुकांकडून मतदानाआधीच हमीपत्र घ्या की अपक्ष अर्ज भरणार नाही. कायद्याने ते टिकेल असं नाही, पण गावासमोर सही केलेला माणूस नंतर बंडखोरी करताना दहा वेळा विचार करतो.

मोहोळ राखीव मतदारसंघ आहे, तिथे बाहेरून आणलेल्या उमेदवाराची तक्रार दर निवडणुकीला ऐकू येते, म्हणून तुमच्या तालुक्यातून ही मागणी निघाली तर तिला वजन येईल. बैठक कधी आहे ते कळवा, मागणीपत्राचा मसुदा आम्ही करून पाठवतो.