परंपरावादी कॅथलिक विचारावर संशोधन करायचंय, पण पोटापाण्याचं काय?

प्रश्न: आम्ही कॅथलिक, मूळचे सावंतवाडीकडचे, आता राजारामपुरीत स्थायिक. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. वर्षभर परंपरावादी कॅथलिक लेखन वाचतेय. लॅटिन मिस्साच (जुना उपासनाविधी) खरी, 1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जग बिघडलं, शाळा म्हणजे सरकारचा सापळा, असं बोलते. बी.एड. नको, यावरच संशोधन करायचं म्हणते. याला भवितव्य आहे का? की नुसतं वेड? – एक वडील, कोल्हापूर

उत्तर: वेड म्हणू नका, विषय भक्कम आहे. पण सध्या ती या विचाराची चाहती आहे. अभ्यासक व्हायचं तर मूळ कागद वाचावे लागतील, आणि पदवी व्यापक विषयातच घ्यावी लागेल.

आधी तिला विचारा, परंपरावादी म्हणजे नेमके कोण? आर्चबिशप लफेव्र यांनी 1970 मध्ये संत दहावे पायस संघ काढला आणि 1988 मध्ये पोपच्या परवानगीशिवाय चार बिशपांना दीक्षा दिली. त्याच वर्षी काही जण त्यांना सोडून रोमशी जोडलेले राहिले आणि त्यांनी संत पीटर संघ स्थापला. तिसरे तर आज पोपची गादीच रिकामी आहे असं मानतात. नुसती जुनी मिस्सा आवडणारे आणखी वेगळे. त्या मिस्सेला 2007 मध्ये मोकळीक मिळाली, 2021 मध्ये पुन्हा बंधनं आली. या सगळ्यांना एका माळेत ओवलं तर प्रबंध पहिल्याच प्रकरणात कोसळतो.

मग वाचायचं कसं? नवखे हमखास फसतात ते पोप नववे पायस यांच्या 1864 च्या ‘सिलॅबस’ या मतांच्या यादीमध्ये. त्यातली 80 विधानं ही पोपची मतं नव्हेत, ती त्याने नाकारलेली मतं आहेत. 77 वं विधान सांगतं की आजच्या काळात कॅथलिक धर्म हा राज्याचा एकमेव धर्म असणं हिताचं नाही. पोप हे चूक ठरवतो. शिवाय प्रत्येक विधान पोपच्या आधीच्या एखाद्या पत्रातून किंवा भाषणातून उचललेलं आहे. तो मूळ कागद न उघडता नुसतं विधान उद्धृत केलं की परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

पुढचा सराव दोन कागद शेजारी ठेवून करायचा: 1925 चं पोपचं पत्र ‘क्वास प्रिमास’ (ख्रिस्ताचं राज्य समाजावर आणि शासनावरही) आणि 7 डिसेंबर 1965 चा धर्मस्वातंत्र्यावरचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा. दुसऱ्या कागदाच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की खऱ्या धर्माबद्दल माणसांचं आणि समाजांचं जे नैतिक कर्तव्य आहे, त्याविषयीची परंपरागत शिकवण अबाधित आहे. दुसऱ्या कलमात धर्मस्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क ठरतो. सगळं भांडण या दोन कलमांच्या मधल्या जागेत आहे. दोन्ही कागद व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिने दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पाचपाचशे शब्दांत लिहावा, आणि कोणता तिचा ते वाचणाऱ्याला ओळखू येता कामा नये. हे जमलं तर ती संशोधनाला तयार आहे असं समजा.

1789 पासून सगळं बिघडलं, ही मांडणी ऐकायला सुटसुटीत आहे, पण कागदपत्रं तिला जागोजागी अडवतात. पोप तेराव्या लिओने 1892 मध्ये फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताक मान्य करायला सांगितलं. 1926 मध्ये तर रोमने ‘आक्सियाँ फ्रान्सेज’ या राजेशाहीवादी चळवळीचाच निषेध केला. आणि इंटरनेटवरच्या या वाचनात कुठे ज्यूंच्या कटाची भाषा भेटली तर घरात स्पष्ट बोला. होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) नाकारणाऱ्या बिशप विल्यमसनना त्यांच्याच संत दहावे पायस संघाने 2012 मध्ये, आज्ञाभंगाचं कारण देऊन, बाहेर काढलं, हे तिला माहीत असायला हवं.

शिक्षणाचा भाग तुम्ही स्वतःही वाचा, वडील म्हणून आवडेल. पोप अकराव्या पायसचं 1929 चं पत्र मुलांच्या शिक्षणात आईवडिलांचा हक्क राज्याच्या आधी ठेवतं. मात्र नागरिकांना किमान शिक्षण असावं अशी सक्ती राज्य करू शकतं, हेही तेच पत्र मान्य करतं. म्हणजे तुमची लेक पोपपेक्षा कडक निघाली! (मुलामुलींच्या एकत्र शाळेला मात्र त्या पत्राचा विरोध आहे, आणि तिला तो मुद्दा टाळता येणार नाही.) इथे कोल्हापूरचा विषय आयता हाताशी येतो. राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, मुलं न पाठवणाऱ्या पालकांना दंडही ठेवला. ही सक्ती 1929 च्या पत्राच्या कसोटीवर कशी दिसते? एम.ए.च्या लघुप्रबंधाला एवढा प्रश्न पुरेसा आहे, आणि अर्धी साधनं गावातच, पुराभिलेखागारात मिळतील. तिथे ‘मिशन’ असा शब्द दिसला तर सावध राहायचं. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये इथे आले ते अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी होते. ती कागदपत्रं कॅथलिक समजून वापरू नयेत.

भाषा हा खरा अडथळा. या वादाचं बरंच मूळ लेखन फ्रेंचमध्ये आणि चर्चचे अधिकृत कागद लॅटिनमध्ये आहेत. फ्रेंच बी-1 या मध्यम पातळीपर्यंत साधारण 350 ते 400 तास लागतात, म्हणजे रोज तास दिला तर साधारण वर्षभर. लॅटिन निदान शब्दकोश हाताशी घेऊन वाचता येईल इतपत हवी. इंग्रजी भाषांतरावर एम.ए. निभेल, पीएच.डी. निभणार नाही.

आता नोकरी. एम.ए. इतिहासातच करावं. नेटला (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे, पण त्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इतिहासाच्या नेटचा अभ्यासक्रम जवळजवळ सगळा भारतीय आहे, तेव्हा तिच्या आवडीचं वाचन तिथे उपयोगी पडणार नाही. त्याची तयारी वेगळी करावी लागेल. 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. एम.ए.ला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 50. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. सोबत महाराष्ट्राची सेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा द्यावीच.

बी.एड.ला नाही म्हणण्याची घाई करू नका. प्राध्यापकाच्या जागा निघायला वर्षं लागतात, आणि कंत्राटी तासिकांवर घर चालत नाही. एम.ए.नंतर दोन वर्षांचं बी.एड. केलं तर माध्यमिक आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता खुला राहतो. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून ठेवायला काहीच हरकत नाही.