मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेचा, म्हणजे जे. जे.चा, इतिहास काय आहे, आणि गोव्यातील विद्यार्थ्याने तिथे चित्रकला घ्यावी की उपयोजित कला?

प्रश्नाखाली आपण लिहिले आहे की जे. जे. ही मुळात चित्रकारांची संस्था होती, उपयोजित कलेचा, म्हणजे जाहिराती, पोस्टर आणि अक्षरे यांच्या कामाचा, विभाग जाहिरातींचे दिवस आल्यावर तिला मागाहून जोडला गेला, आणि म्हणून ‘खरी कला’ शिकायची असेल तर चित्रकलाच घ्यावी, असे आपल्याला शाळेतील चित्रकलेच्या सरांनी सांगितले. यातली विभागाची गोष्ट कागदोपत्री बरोबर आहे. संस्थेच्या मुळाविषयीचे विधान साफ चुकीचे आहे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तर त्याहून चुकीचा आहे. ही तिन्ही वाक्ये मी माझ्या घरात अनेक वर्षे ऐकली असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात हिंदुस्थानी विणकाम, धातुकाम आणि लाकूडकाम पाहून इंग्रजांचे डोळे दिपले होते. या कारागिरीचे शिक्षण मुंबईत मिळावे यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत रेखाटनाचे वर्ग सुरू झाले. १८६५ साली लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे कलाशिक्षक इंग्लंडहून आले. पुढच्याच वर्षी ज्या तीन कार्यशाळा उभ्या राहिल्या त्या सजावटीची चित्रकारी, इमारतींवरील शिल्पकाम आणि नक्षीदार लोखंडकाम यांच्या होत्या. चौकटीत बसवून भिंतीला टांगायच्या चित्राचा त्यात मागमूस नव्हता. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पे किपलिंग यांची आहेत. १८७८ ते १८८७ या काळात बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर जी पाने, फुले, पक्षी आणि माकडे दगडात कोरलेली आहेत ती ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून घडली. शाळेची आजची इमारतही १८७८ चीच. टेरी नावाच्या शिक्षकांनी तिथे मातीच्या भांड्यांचा कारखाना चालवला होता आणि त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या नक्षी उतरवल्या जात असत. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तकलांच्या आणखी कार्यशाळा उघडल्या गेल्या. गोव्याच्या वाचकाला ठाऊक असायला हवी अशी गोष्ट म्हणजे सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाविएर त्रिंदाद, ज्यांची व्यक्तिचित्रे आज पणजीत फोंतेन्हासमधील फुंदासाव ओरियंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत आणि ज्यांना आपण आपले पहिले मोठे आधुनिक चित्रकार मानतो, ते याच रे कार्यशाळांचे अधीक्षक होते. आपल्या चित्रकलेचा पूर्वज भांडी, धातू आणि लाकूड यांच्या कार्यशाळेवर देखरेख करीत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटला असेल असे मला मुळीच वाटत नाही.

हे मी इतक्या जोराने मांडतो याला कारण माझे थोरले काका. पोर्तुगीज अमदानीत फोंडा महालातून मुंबईला जाऊन त्यांनी जे. जे.मधून चित्रकलेची पदविका मिळवली, मुक्तीनंतर गावी परतून हायस्कुलात चित्रकला शिकवली, आणि देवस्थानच्या महाजनांची व भाटकारांची (जमीनदारांची) तैलचित्रे काढली. त्यांचा हात फार चांगला होता हे मी आजही म्हणेन. म्हातारीच्या हातावरच्या शिरा त्यांच्यासारख्या रंगवणारा माणूस मी आमच्या भागात दुसरा पाहिला नाही. मी सत्तरच्या दशकात त्याच आवारात, पण उपयोजित कलेला प्रवेश घेतला, तेव्हा सगळ्या घरासमोर त्यांनी विचारले, “अरे, बोर्ड रंगवायला एवढ्या लांब कशाला जायचे? म्हापशाच्या बाजारात एखाद्या पेंटरकडे राहिलास तरी शिकशील.” पुढे त्यांनी या विभागाला कधीच नावाने हाक मारली नाही. तो त्यांच्या लेखी शेवटपर्यंत ‘तुमचे ते कमर्शिअल’ राहिला.

पहिल्या वर्षानंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी होतो. आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) आतल्या भिंतीवर जुने कावीचे काम होते. पावसाळ्यात कौलांतून पाणी झिरपून भिंतीला ओल धरली होती, म्हणून तो गिलावा खरवडून सिमेंटचा करायचा आणि त्यावर काकांनी तैलरंगात दशावतार काढायचे, असे समितीने ठरवले. भिंत पाडणार आहात तर तिची नक्षी आधी उतरवून घेऊ द्या, एवढीच विनंती मी केली. ती मान्य झाली, कारण कुणाला तीत काही अडचण वाटली नाही. ज्या कामाला किंमत नाही ते कुणी उतरवून घेतले तरी काय बिघडते, असा तो होकार होता.

कावी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिंपल्या भाजून केलेला चुना आणि रेती गुळाच्या पाण्यात मुरवून, कुटून भिंतीला पांढरा गिलावा देतात. त्यावर हुरमुंजीचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) थर चढवतात आणि तो ओला आहे तोवर लोखंडाच्या टोकदार हत्याराने नको तेवढा तांबडा भाग खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. शेवटी गुळगुळीत गोट्याने घासून पृष्ठभाग बसवतात. चूक दुरुस्त करण्याची सोय त्यात जवळपास नाही, कारण खरवडलेले तांबडे परत येत नाही.

मी सुतळीने भिंतीवर चौकटी आखल्या, ट्रेसिंग कागद लावले आणि दिवसा दाराकडचा उजेड पुरेना म्हणून संध्याकाळी पेट्रोमॅक्स भिंतीला अगदी लागून धरायला लावला. उजेड आडवा पडताच समोरून कधी न दिसलेल्या खुणा दिसू लागल्या. प्रत्येक फुलाच्या मधोमध कंपासाच्या टोकाचे बारीक छिद्र होते, सहाही पाकळ्या कंपासाची फाक न बदलता काढलेल्या होत्या, आणि फुलांच्या पट्टीच्या वर-खाली दोरा ताणून मारलेल्या रेघा तशाच राहिल्या होत्या. पट्टी कोपऱ्याशी पोचत होती तिथे मला सर्वात महत्त्वाची गोष्ट सापडली. जागा अपुरी पडणार हे त्या कारागिराच्या आधीच ध्यानात आले असावे, कारण त्याने शेवटचे फूल तोडून अर्धे ठेवले नव्हते. कोपऱ्याच्या आधीच्या चार-पाच फुलांपासून तो प्रत्येक फूल आणि दोन फुलांमधली जागा केसभर आकसत आला होता, त्यामुळे शेवटचे फूल कोपऱ्यात पूर्ण बसले होते आणि वरवर पाहणाऱ्याला फरक जाणवत नव्हता. त्या वर्षी मुंबईत आम्ही पोस्टरवर देवनागरी अक्षरे बसवायला शिकत होतो. ‘र’ आणि ‘म’ यांच्यामध्ये मोजपट्टीने सारखे अंतर ठेवले तर ते डोळ्याला सारखे दिसत नाही, ओळीचा शेवट साधायचा असेल तर सुरुवातीपासून जागा वाटून घ्यावी लागते, हे आमचे सर कागद खिडकीपाशी धरून आम्हाला दाखवीत असत. भिंतीवरचा माणूस नेमके तेच करीत होता.

काका तिसऱ्या दिवशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ही गवंड्याची नक्षी. हिच्यात ना छाया, ना प्रकाश, ना शरीररचना. उतरवण्यासारखे आहे काय यात?” मी त्यांना अजिंठ्याची आठवण दिली. त्यांच्या खोलीत अजिंठ्याच्या चित्रांच्या छापील प्रती होत्या आणि त्यांना ते देवाच्या तसबिरींइतके जपत असत. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम त्या लेण्यांमध्ये बसले आणि भिंतीवरची चित्रे, छतावरची नक्षी असे सगळे मापाने उतरवून घेतले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नाव काढलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. त्यांतल्या बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत जळाल्या, तरी उरलेल्या कामावर ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले, आणि नंतरच्या काळात मूळ भिंतींवरून जे झडून गेले त्यातले काही केवळ त्या प्रतींत शिल्लक आहे. ज्या शाळेचा काकांना अभिमान होता तिचे त्या काळातले सर्वात मोठे काम म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवरची नक्षी काळजीपूर्वक उतरवणे हेच होते. “अजिंठ्याची गोष्ट वेगळी,” एवढे बोलून ते निघून गेले.

गिलावा पाडला गेला, सिमेंट लागले, दशावतार झाले आणि ते सुंदर झाले होते. परंतु चिऱ्याच्या जुन्या भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. ती साचत राहते, क्षार घेऊन पृष्ठभागाशी येते आणि तैलरंगाचे पापुद्रे उचलते. काका हात चालत होता तोवर दर दोन-तीन पावसाळ्यांनंतर ती चित्रे दुरुस्त करीत राहिले. चुन्याची भिंत श्वास घेते हे आमच्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि साहित्याचे हे ज्ञान कलेचाच भाग आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. ट्रेसिंगच्या गुंडाळ्या माझ्याकडे आहेत. पुढे शिक्षक झाल्यावर मी मुलांना भूमितीय नक्षी त्यांवरूनच शिकवली.

आता मधला इतिहास थोडक्यात सांगतो. तो सगळीकडे मिळतो आणि लोकांना तेवढाच ठाऊक असतो. चित्रकलेला जे. जे.मध्ये पहिले स्थान मिळाले ते विसाव्या शतकात, विशेषतः १९१९ नंतर शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. त्यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यासाला बळ दिले आणि भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला, आणि त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी नवी दिल्लीच्या सचिवालयात चित्रे रंगवली. धुरंधरांसारखे शिक्षक त्याच परंपरेतले. १९३५ साली व्यावसायिक कलेचा, म्हणजे आजच्या उपयोजित कलेचा, विभाग निघाला आणि १९५८ साली तो स्वतंत्र संस्था झाला. गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांना १९४५ मध्ये शाळेतून काढून टाकले गेले आणि १९४७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट स्थापन केला. चित्रकार वासुदेव गायतोंडे याच शाळेतले, मडगावचे लक्ष्मण पै याच शाळेतले. या तिघांविषयी गोव्यात पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे.

मात्र मडगावातच १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांविषयी आपण किती बोलतो? तेही जे. जे.चेच विद्यार्थी. त्यांनी पुस्तकांची मुखपृष्ठे केली, कथाचित्रे काढली, ‘दीपावली’ हा वार्षिक काढला, आणि मराठी घरांत एका पिढीने चांगले चित्र म्हणजे काय हे त्यांच्याकडून शिकून घेतले. माझ्या आईने कधी चित्रांचे प्रदर्शन पाहिले नाही, पण दलालांची रेघ तिला लांबून ओळखता येत असे. अक्षररचनाकार र. कृ. जोशी हे याच परंपरेतले. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या लाखो लोकांनी वर्षानुवर्षे त्यांचा ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) वाचला आहे. ज्या कलेला सही नसते तिला खालचे पाट मांडायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

माझे म्हणणे वाजवीपेक्षा ताणले जाऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली ही की कारागिरीची शाळा असली तरी ती इंग्रजांच्या कल्पनेतली शाळा होती. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून रेखाटन शिकवले जाई, हिंदुस्थानी कारागिराची अभिरुची ‘सुधारायची’ असे गृहीत होते, आणि ज्या घराण्यांत काम वंशपरंपरेने चालत आले त्या घरांतली मुले हळूहळू मागे पडून इंग्रजी शिकलेली मुले पुढे आली. आमच्या भिंतीवरच्या त्या कारागिराला तिथे प्रवेश मिळाला असता असे मी म्हणू शकत नाही. दुसरी ही की काकांच्या पिढीला त्या पदविकेसाठी जे सोसावे लागले ते पाहता तिला एवढे घट्ट धरून बसणे मला समजते. तरीही त्यांचे मत चूक होते.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. गोव्यातून मुंबईला जाण्याची सक्ती आज नाही. पणजीत १९७२ साली गोवा कला महाविद्यालय निघाले, १९७७ ते १९८७ या काळात लक्ष्मण पै तिथे प्राचार्य होते, आणि तिथल्या आल्तिनो टेकडीवर चित्रकला व उपयोजित कला दोन्ही शिकता येतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर पहिली पदवी इथेच घ्यावी असे मी स्पष्टपणे सांगेन. मुंबईत राहण्याचा खर्च आमच्या काळापेक्षा कितीतरी वाढला आहे. मुंबई ज्याला हवी त्याने ती तिथल्या छापखान्यांसाठी, रंगभूमीसाठी, संग्रहालयांसाठी आणि रस्त्यावरच्या अक्षरांसाठी निवडावी, नुसत्या नावासाठी निवडू नये. विभाग मात्र हाताचा कल पाहून निवडावा. वहीच्या समासात तुम्ही माणसांचे चेहरे काढत असाल तर चित्रकला घ्या. शीर्षकाची अक्षरे पुन्हा पुन्हा घोटत असाल तर उपयोजित कला घ्या, आणि ती दुय्यम आहे असे कुणी म्हटले तर त्याला व्हिक्टोरिया टर्मिनसचे दगड कुणी कोरले ते विचारा. २०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या प्रवेशपद्धतीवर, माझ्यासुद्धा, विसंबू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचूनच अर्ज भरावा.