रात्रीचा वास आणि पंपाचं बटण

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात राहतो, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. दिवाळी झाली की रात्री बारा-एकच्या सुमारास वास सुरू होतो. कधी कुजक्या अंड्यांसारखा, कधी नेलपॉलिशसारखा. सकाळी आठ-नऊपर्यंत टिकतो आणि मग गायब. माझ्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे, त्याला मध्यरात्री उठवून पंप द्यावा लागतो. मोबाइलवर बघावं तर हवा ‘समाधानकारक’. तक्रार केली, तर तीन दिवसांनी दुपारी बाराला माणूस आला आणि म्हणाला, “मॅडम, कुठे आहे वास?” सोसायटीतले म्हणतात, खाडीचा असेल. खरंच असेल का? आम्ही करायचं तरी काय? – एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, ‘खाडीचा असेल’ हे वाक्य मीही घरात वापरलंय. तेवढं आधी सांगून टाकतो.

मी ३१ वर्षं एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांमध्ये काढली. त्यातली शेवटची १२ युटिलिटीत, म्हणजे बॉयलर, कूलिंग टॉवर आणि स्क्रबर. स्क्रबर म्हणजे काही जादू नव्हे. उभी टाकी, आत प्लास्टिकच्या छोट्या रिंगा भरलेल्या. खालून रिॲक्टरचा, म्हणजे रसायनं बनवायच्या भांड्याचा, वायू वर चढतो, वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी पावसासारखं पडतं, आम्लाचे वायू त्या पाण्यात अडकतात आणि चिमणीतून निघते ती बऱ्यापैकी धुतलेली हवा. ते पाणी फिरवायला पंप लागतो. पंप बंद, की स्क्रबर म्हणजे नुसता उभा पाइप.

एका कंपनीत रात्रपाळीला शिफ्ट इन्चार्ज सांगायचा, “साडेअकराला पंप बंद, साडेपाचला चालू.” वीज वाचायची, कॉस्टिकच्या गोणीही वाचायच्या. मी बटण दाबायचो. पाण्याचा पीएच, म्हणजे त्यात कॉस्टिकचा जोर किती उरलाय ते सांगणारा आकडा, दर दोन तासांनी लॉगशीटवर लिहायचा असतो. मी पहाटे चहा पिता पिता सगळे रकाने एका दमात भरायचो. ९, ९, ८.५, ९. मध्ये एक साडेआठ टाकायचा, म्हणजे खरं वाटतं. सकाळी घरी आलो की बायको म्हणायची, “काल परत वास होता हो, खिडक्या लावून घेतल्या.” घर तेव्हाही कोपरखैरण्यातच. मी म्हणायचो, खाडीचा असेल.

आता तुमचा वास रात्रीच का येतो ते बघू. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे कामाला येतात. आपल्या पट्ट्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला खाडी, मग आपली वस्ती, मग ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पलीकडे एमआयडीसी आणि पाठीला पारसिकचे डोंगर. दुपारी वारा खाडीकडून येतो, कारखान्यांचा धूर डोंगराकडे ढकलतो. रात्री जमीन गार झाली की उलटं होतं. वारा पूर्वेकडून वाहायला लागतो, डोंगराच्या उतारावरची गार हवाही खाली ओघळते, आणि दोन्ही मिळून एमआयडीसीवरून आपल्या बेडरूममध्ये येतात. हिवाळ्यात भर म्हणजे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. धूर वर जातच नाही. ऊन चढलं की झाकण उघडतं. तुमचे ‘आठ-नऊ’ वाजतात ते असे. दुपारी आलेला तो माणूस खोटं बोलत नव्हता हो. त्याला वास आलाच नसणार. प्रश्न तो दुपारी का आला, हा आहे.

खाडीचं म्हणाल, तर शंका अगदीच खुळी नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यातूनही कुजक्या अंड्यांचा वास येतो. वायू तोच, हायड्रोजन सल्फाइड. पण त्याची परीक्षा सोपी आहे. आमच्या शेजारी बोनकोडे गावच्या एक आगरी आजी असायच्या, त्यांनी मला हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, ढोबळमानाने. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या आसपास आणि ओहोटी बाराच्या. खाडीचा वास तिथीबरोबर रोज पाऊण-एक तास पुढे सरकतो. तुमचा वास अष्टमीला रात्री बाराला आणि पौर्णिमेलाही बारालाच येत असेल, तर तो चंद्र बघून येत नाही, घड्याळ बघून येतो. शिवाय वारा पूर्वेचा असताना पश्चिमेच्या खाडीचा वास तुमच्याकडे येईलच कसा? आणि नेलपॉलिशचा वास चिखलाला येत नाही. ते सॉल्व्हंट, म्हणजे कारखान्यात रसायनं विरघळवायला वापरतात ते उडून जाणारे द्रव.

तेव्हा आजपासून एक वही घाला. तारीख, वास सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, वास कशासारखा, वारा कुठून, तिथी, आणि मुलाला पंप द्यावा लागला असेल तर तेही. वाऱ्याची दिशा गॅलरीत बघू नका, इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा गिरक्या घेतो. गच्चीवर काठीला जुन्या साडीची पट्टी बांधा. वास ओळखताना मुद्दाम जोरात हुंगायचं नाही. कुजकी अंडी म्हणजे सल्फाइड, सडका कोबी म्हणजे मरकॅप्टन, मुतारीसारखा झोंबला तर अमोनिया, टाकी धुण्याच्या पावडरीसारखा वाटला तर क्लोरीन. यातला अमोनिया किंवा क्लोरीन डोळ्यांतून पाणी काढण्याइतका आला, तर वही ठेवून द्या. घरच्यांना घेऊन वाऱ्याला आडवं निघा आणि ११२ ला फोन करा.

एकटीची वही पुरणार नाही. तुमच्यासारख्या आणखी दोघींना घ्या, एक उत्तरेच्या सेक्टरात, एक दक्षिणेच्या. तिघींनी एकाच वेळी वास आणि वाऱ्याची दिशा लिहायची, मग नकाशावर तिन्ही घरांपासून वारा जिकडून आला तिकडे रेघ ओढायची. दहा-पंधरा रात्रींच्या रेघा जिथे एकमेकींना छेदायला लागतात, तो दोन-तीन गल्ल्यांचा तुकडा तुमचा. कंपनीचं नाव मात्र तुम्ही घेऊ नका. चुकलात तर सगळी वही रद्दीत जाईल. गल्ली, वेळ आणि दिशा द्या. नाव शोधणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम.

तक्रार या मंडळाकडे लेखी करा आणि पोच घ्या. महापालिकेलाही प्रत द्या, पण कारखान्यांवर कारवाईचा अधिकार मंडळाचा, १९८१ च्या हवा कायद्याने दिलेला. ‘खूप त्रास होतो, कृपया कारवाई करावी’ असं लिहिलेले अर्ज मी कंपनीच्या ऑफिसात हसत वाचले जाताना पाहिलेत. तुमच्या अर्जात मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, तपासणी रात्री बारा ते चारच्या दरम्यान व्हावी. दुसरी, आलेल्या अधिकाऱ्याने स्क्रबर आणि ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, वेगळं वीजमीटर बघावं. मंडळ कारखान्याला चालवायची परवानगी देतं ते संमतीपत्र; बऱ्याच संमतीपत्रांत प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेला स्वतंत्र मीटर लावायची अट असते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पाच अश्वशक्तीचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण ८०-९० युनिट जातात. मीटरवर साठच पडत असतील, तर उरलेले तास पंप झोपला होता. तिसरी, कॉस्टिक किती विकत घेतलं आणि किती लागायला हवं होतं, याचा मेळ घालावा. चौथी, लॉगशीटचं अक्षर बघावं. रात्रभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरकसपणात असल्या की समजायचं माझ्यासारखा कुणीतरी चहा पीत बसला होता.

महिन्याभरात हालचाल नाही झाली तर माहितीचा अधिकार. १० रुपये आणि ३० दिवस. ‘काय कारवाई केली’ असं विचारू नका, ‘नियमानुसार कारवाई सुरू आहे’ एवढंच छापून येतं. त्या गल्ल्यांतल्या उद्योगांना दिलेल्या भेटींचे अहवाल भेटीच्या वेळेसकट मागा, चिमणीच्या नमुन्यांचे निकाल नमुना घेतल्याच्या वेळेसकट मागा, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं पर्यावरण विवरणपत्र मागा. सगळ्या भेटी सकाळी अकरा ते दुपारी चारमधल्या निघाल्या, की तोच तुमचा पुरावा. बरीच संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. एखादं उघडून त्यातल्या अटी आधी वाचाच. पुढची पायरी राष्ट्रीय हरित लवाद, त्याचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. तिथेही ही वहीच चालेल.

एक युक्तिवाद ऐकावा लागेल : “कारखाने आधी होते, तुम्ही नंतर राहायला आलात.” अर्धं खरं आहे. या पट्ट्यात एमआयडीसी साठच्या दशकात आली, सिडको १९७० ला स्थापन झाली आणि घरं त्यानंतरची. नियोजन करणाऱ्यांनी मध्ये जेमतेम रस्त्याएवढी जागा सोडली, हा दोष आहेच. पण आधी आलात म्हणून रात्री पंप बंद ठेवा, असं संमतीपत्रात कुठेही लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

ॲपबद्दल थोडक्यात. २०१४ पासून आपण जो हवा निर्देशांक बघतो, त्यात धुळीचे दोन प्रकार, सल्फर आणि नायट्रोजनचे डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं, एवढे आठच घटक धरतात. हायड्रोजन सल्फाइड नाही, सॉल्व्हंट नाहीत. त्यातही बहुतेकांची २४ तासांची सरासरी. तुमच्या रात्रीचे सात-आठ तास त्यात विरघळून जातात. ॲप खोटं नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

मुलासाठी : डॉक्टरांना ही वही दाखवा, औषधाच्या वेळा तेच ठरवतील. झोपण्याआधी पूर्वेच्या खिडक्या लावा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा. तो आतली हवा बाहेर फेकतो खरा, पण तेवढीच हवा दुसऱ्या खिडकीच्या फटीतून आत ओढतो. घर उघडायचं ते दुपारी बारा ते पाच, वारा खाडीकडून असताना. आणि मुलाच्या खोलीत डासांची कॉइल नको, उदबत्तीही नको. देवाला राग येणार नाही.

प्रश्न : वीस हजारांचा एअर प्युरिफायर घ्यावा का? विक्रेता म्हणतो, केमिकलचा वासही जातो. तोवर घरात स्नेक प्लांट ठेवलेत. – घणसोली

उत्तर : वास आणि धूळ वेगळे समजा. हेपा फिल्टर बारीक धूळ उत्तम पकडतो, वायू पकडत नाही. एन-९५ मास्कचंही तसंच. वायूला सक्रिय कोळसा लागतो, आणि तो किलोच्या हिशेबात. दुकानातल्या बऱ्याच यंत्रांत कोळशाची काळी जाळी असते, ती काही आठवड्यांत भरून जाते. विक्रेत्याला विचारा, कोळसा किती ग्रॅम? तो तुमच्याकडे बघत राहिला, तर वासासाठी घेऊ नका.

धुळीसाठी घ्यायचाच असेल तर त्याचा सीएडीआर बघा, म्हणजे ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. १० बाय १२ ची खोली साडेनऊ फूट उंच धरली तर हवा साधारण ३२ घनमीटर. ती तासाला पाच वेळा गाळायची म्हणजे निदान १६० चं यंत्र हवं. ओझोन सोडणारं यंत्र फुकट मिळालं तरी नको, ओझोन स्वतःच फुफ्फुसाला त्रास देतो. स्नेक प्लांट छान दिसतात, ठेवा. हवा शुद्ध व्हायला त्यांची इतकी दाटी करावी लागेल, की पलंगाला जागा उरणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीला रस्त्याकडेच्या कंपाउंडला झाडं लावायची आहेत. प्रदूषण कमी करणारी कोणती लावावीत? – ऐरोली

उत्तर : झाडं धूळ धरतात. वायूंच्या बाबतीत त्यांच्याकडून फार आशा ठेवू नका. एकाच ओळीत उंच झाडं लावली तर धूळ बुंध्यांमधून सरळ आत येते; बाहेरून दाट झुडपं, आत मध्यम उंचीची झाडं, अशा दोन ओळी हव्यात. बकुळ, करंज, कडुनिंब इथे तगतात आणि हिवाळ्यात पान टिकवतात, आपल्याला गरज नेमकी तेव्हाच असते. डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवसांतून एकदा पाइपने पानं धुवा. धुळीने माखलेलं पान आणखी धूळ काय धरणार?

सप्तपर्णी मात्र नवी लावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री फुलते आणि तिच्या उग्र वासाने कित्येकांचं डोकं धरतं. मागच्या वर्षी या सदराकडे आलेल्या ‘गॅसगळती’च्या पत्रांपैकी दोन तरी सप्तपर्णीचीच निघाली. आधीपासून उभी असेल तर तोडू नका, फक्त ती फुलली त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा.