मी असं म्हटलोच नाही की!

वडगावातली ३८ वर्षांची शिक्षिका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आल्या आल्या मोबाईल माझ्यापुढं धरला. "वाचा की हो. मी असं म्हटलोच नाही!"

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं लिहिलं होतं: लग्नात भेटल्या भेटल्या कुणाच्या वजनाचा विषय काढू नका, नुसत्या काट्यावरून तब्येत कळत नाही. दिराचं उत्तर: 'म्हणजे शुगर, बीपी सगळं खोटं? डॉक्टर वेडे?' त्यावर हिचं: 'मग जाड माणसांनी जगूच नये का?' पुढं रात्रभर तेच.

"माझं बोलणं लोक भलतंच करून टाकतात, मग उत्तर काय द्यायचं?" वजनाच्या वादानंतर हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात.

मी तिला वहीत शेजारी शेजारी लिहायला लावलं: तिनं म्हटलेलं आणि दिरानं खोडलेलं. तिचं म्हणणं सोडून दिरानं भलतंच बुजगावणं उभं करून त्यालाच बदडलं होतं. मग दिराचे मेसेज पुन्हा वाचले. त्या गर्दीत एक होता: 'आईच्या पायाचं बोट शुगरनं गेलं, वहिनी. भीती वाटते.' जगूच नये, असं तोही म्हणाला नव्हता. ती बराच वेळ वहीकडं बघत राहिली.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. डॉक्टरांनी सांगितलेली साखरेची तपासणी तिनं ४ महिने टाळली होती. "आत्ता गेलो तर भाऊजी म्हणतील, आलं डोकं ठिकाणावर." शुगर खोटी, हे तिचं मत कधीच नव्हतं. दिरानं ते तिच्या गळ्यात घातलं आणि भांडता भांडता ती तेच राखत बसली. असं दिसलं की माझा जीव तुटतो.

तिचं मूळ म्हणणं रास्तच होतं. बीएमआय म्हणजे वजन आणि उंचीवरून काढायचा आकडा. त्याचं गणित बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ क्वेटेले यांनी १८३०च्या दशकात मांडलं ते लोकसमूहांचा अभ्यास करताना. चरबी शरीरात कुठं साठलीय हे त्यातून कळत नाही. म्हणून डॉक्टर कंबरही मोजतात. आपल्याकडं बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढं मधुमेहाचा धोका वाढलेला धरतात. म्हणजे दिराची भीतीही पोकळ नव्हती.

उत्तर लिहायला आम्हाला अर्धा तास लागला. 'भाऊजी, शुगर खोटी असं मी म्हटलो नाही. आत्तींचं बोट गेलं तेव्हा दवाखान्यात मीच होतो. चारचौघांत कुणाचं वजन काढू नये, एवढंच माझं म्हणणं. मंगळवारी तपासणीला जातो.'

रात्री उशिरा दिराचा मेसेज आला: 'सकाळी काही खाऊ नका, वहिनी. सातला गाडी घेऊन येतो.'