गाडी चालवताना व्होल्टेज खाली येतं, म्हणजे अल्टरनेटर गेला का?

प्रश्न : सर, माझी २०२० ची पेट्रोल गाडी आहे, नाशिक-ठाणे जाणंयेणं असतं. लायटर सॉकेटमध्ये लावायचा मोबाईल चार्जर घेतला, त्यावर व्होल्टेज दिसतं. सकाळी गाडी चालू केली की १४.३ दाखवतो, पण इगतपुरीच्या अलीकडे सरळ रोडला १२.७ वर येतो, कधी १२.५, आणि कसारा घाट उतरताना एकदम १४.७. गॅरेजवाले म्हणाले अल्टरनेटर गेलाय, बदलून टाका. पण गाडी कधी बंद पडली नाहीये, सेल्फ मारला की लगेच चालू होते. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग, अजिबात बदलू नका. तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, घाट उतरताना आकडा वर जातो ना, तिथे. गेलेला अल्टरनेटर उतार लागला म्हणून १४.७ देत नाही, तो आकडा गाडीचा कॉम्प्युटर ठरवून देतोय.

जुन्या गाड्यांत रेग्युलेटर एकदा सेट झालेला असायचा, इंजिन चालू असेपर्यंत १३.८ ते १४.५ च्या मधे कुठेतरी व्होल्टेज धरून ठेवायचा. त्यामुळे "गाडी चालू असताना १४ पाहिजेच" हे बऱ्याच मेकॅनिकच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि त्या गाड्यांना ते बरोबरही आहे. आता मात्र बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तो करंट, व्होल्टेज आणि तापमान बघतो आणि त्यावरून ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) अल्टरनेटरला किती काम करायचं ते सांगतो. अल्टरनेटरमधून १ किलोवॅट वीज काढायची तर इंजिनाला त्याच्या दीडपटीहून जास्त ताकद घालावी लागते, म्हणजे डिझेल-पेट्रोल जळणारच. म्हणून ॲक्सिलरेटर दाबलेला असताना किंवा एका स्पीडला जाताना ईसीयू चार्जिंग कमी करतो, आणि पाय काढला, उतार लागला, ब्रेक मारला की चाकांची फुकट ताकद वापरून बॅटरी भरून घेतो. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये एसएचव्हीएस ही छोटी हायब्रिड सिस्टीम आणली ती ह्याच विचाराचं पुढचं पाऊल, पण हायब्रिड असा बॅज नसलेल्या साध्या गाड्यांतही स्मार्ट चार्जिंग असतं हे लोकांना माहीत नसतं.

तरी खात्री करून घ्या. चार्जरवरच्या आकड्यावर फार विश्वास नको, सॉकेटपर्यंतच्या वायरिंगमध्ये ०.२-०.३ व्होल्ट सहज पडतात, म्हणजे तुमचे १२.५ बॅटरीवर १२.७-१२.८ असू शकतात. तीन-चारशे रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो तो घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करायच्या आधी मोजा, १२.६ च्या वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ संपलेली. स्मार्ट चार्जिंगवाल्या गाडीत बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात, उतारावर भरायला जागा हवी ना, त्यामुळे तुम्हाला सकाळी १२.४-१२.५ दिसलं तर घाबरू नका. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा, त्या क्षणाला आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी म्हातारी झाली किंवा चार्ज कमी आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून हेडलाईट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर असं सगळं लावा, बऱ्याच गाड्यांत लोड वाढला की ईसीयू व्होल्टेज लगेच वर नेतो. आकडा १३.५ च्या वर चढला की अल्टरनेटर ठणठणीत आहे असं समजा.

खरी काळजी करायची ती डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर, किंवा सगळा लोड लावूनही आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि हळूहळू उतरत गेला तर, नाहीतर उलट १५ च्या वर जाऊन तिथेच बसला तर. बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा गाडीसोबत ईएफबी किंवा एजीएम (सतत भरणं-उतरणं सोसणाऱ्या बॅटरीचे प्रकार) आली असेल तर तीच घ्या, स्वस्तातली साधी बसवू नका, ती ह्या सततच्या चार्ज-डिस्चार्जमध्ये टिकत नाही.

प्रश्न : दादा, २०११ ची डिझेल गाडी आहे. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. रात्री एसी, हेडलाईट, वायपर चालू असला की सिग्नलला लाईट मंद होते, मीटर लावला तर १२.२. रेस दिली तरी १२.५ च्या वर जात नाही. बॅटरीचा दिवा अंधारात बारीकसा पेटलेला दिसतो.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्याकडे मात्र खरंच चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे आणि तिसरी बॅटरी घातली तर तीही तशीच जाणार. आयडलला लाईट थोडी मंद होणं जुन्या गाडीत चालतं, कारण तेव्हा अल्टरनेटर हळू फिरतो आणि पूर्ण करंट देऊ शकत नाही, पण दीड-दोन हजार आरपीएमला १३.५ च्या वर जायलाच पाहिजे.

आधी बेल्ट बघा, सैल किंवा चकचकीत झालाय का, पावसात गाडी चालू करताना चीं करून ओरडतो का. मग वायर बघा. इंजिन चालू, सगळा लोड चालू, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर, इथे ०.२ पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर वायर किंवा तिचं टोक खराब आहे आणि अल्टरनेटर बिचारा निर्दोष आहे. अशीच अर्थिंगची बाजू बघा, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. दोन्ही चांगले निघाले तर मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर लावा, ०.५ च्या वर दाखवलं तर डायोड (अल्टरनेटरमधला, एसी करंटचा डीसी करणारा भाग) गेलाय, आणि तुमचा तो बारीक पेटणारा दिवा बघता मला हाच संशय जास्त आहे. कार्बन ब्रश झिजले असतील तर तेही ह्याच वेळी बघून घ्या. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन डायोड प्लेट, ब्रश, रेग्युलेटर सुटे बदलून देतो, अख्खा नवा अल्टरनेटर घ्यायची गरज बऱ्याचदा पडत नाही.

आणि एक गोष्ट कोणालाच करू देऊ नका, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बघा गाडी बंद पडते का" ही टेस्ट. त्या क्षणाला व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

प्रश्न : मी मडगावचा, बोटीवर असतो, पाच-सहा महिने गाडी उभी. भाऊ दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो तरी बॅटरी उतरतेच.
– एक वाचक, गोवा

उत्तर : हिशोब करून बघा. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर मिळून ३०-५० मिलिअँपिअर खातात, ४० धरले तरी दिवसाला साधारण १ अँपिअर-अवर (बॅटरीतला चार्ज मोजायचं माप), आठवड्याला ७. दहा मिनिटं आयडलमध्ये फार तर २-३ परत जातात. म्हणजे दर रविवारी तूट वाढतच जाते, आणि १२.४ च्या खाली पडून राहिली की बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि तिची ताकद कमी होते. भावाला गाडी पाऊण-एक तास रस्त्यावर फिरवून आणता येत असेल तर उत्तम, नाहीतर घरच्या प्लगवर चालणारा छोटा मेंटेनर चार्जर लावून ठेवा. तेही नसेल तर जाताना मायनसची वायर काढून ठेवा, बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून ठेवा आणि डिकी किल्लीने उघडते का तेही बघा, कारण बॅटरी काढली की रिमोट चालत नाही.