कूटबद्ध पोलीस वायरलेस स्कॅनरवर ऐकता येतो का?

प्रश्न : मी अंबाजोगाई परिसरात एका साप्ताहिकासाठी बातम्या देतो. अपघात, चोरी, हाणामारी यांची खबर आमच्यापर्यंत फार उशिरा येते. संगणकाला जोडायच्या एका स्वस्त रिसीव्हरवर पोलिसांचा वायरलेस ऐकू येतो आणि थोडे जास्त पैसे मोजल्यास कूटबद्ध संभाषण उलगडणारे सॉफ्टवेअरही मिळते, असे एक विक्रेता सांगतो. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : विक्रेत्याचे पहिले म्हणणे अर्धे खरे आहे, दुसरे मात्र शुद्ध थाप आहे. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेल्या डोंगलमधील चिप हवेतला कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाकडे पाठवू शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि त्यातून हे स्वस्त स्कॅनर निघाले. जुन्या पद्धतीचे अ‍ॅनालॉग बोलणे त्यावर सरळ ऐकू येते, तर साधे डिजिटल बोलणे योग्य सॉफ्टवेअर असल्यास उलगडते. कूटबद्ध बोलण्याची गोष्ट मुळातच वेगळी आहे.

हवालदाराने बटण दाबून बोलायला सुरुवात केली की संचातील यंत्रणा आधी आवाजाचे शून्य-एकच्या आकड्यांत रूपांतर करते आणि मग संचात भरलेल्या गुप्त किल्लीच्या आधारे ते आकडे बदलून टाकते. प्रक्षेपण होते ते या बदललेल्या आकड्यांचे. त्यामुळे स्कॅनरच्या पडद्यावर सिग्नलची ठळक रेघ उमटते, कोणीतरी बोलत आहे एवढे कळते, पण कानावर पडते ती केवळ कर्कश घरघर. ही किल्ली हवेतून जाणाऱ्या बोलण्यात नसतेच, म्हणून कितीही महागडा अँटेना लावला तरी ती हाती लागत नाही. २५६ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या २५६ आकड्यांची, किल्ली एकेक शक्यता तपासून शोधणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातले नाही. कमकुवत कूटपद्धतीही असतात, हे खरे आहे. टेट्रा या युरोपीय वायरलेस प्रणालीतील टीईए-१ पद्धतीची ८० बिटांची म्हणवली जाणारी किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच बळकट असल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये उघड केले. मात्र तो निष्कर्ष त्या एका पद्धतीपुरता आहे, आणि त्यावरून कोणतेही कूट फोडणारे सॉफ्टवेअर बाजारात मिळते असे समजणे चुकीचे ठरेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे. अमेरिकेत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत स्कॅनर चालू ठेवण्याची जुनी रीत आहे आणि न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून आपले वायरलेस कूटबद्ध करायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या पत्रकारांनी त्याला विरोधही केला. पण ती मोकळीक आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदा संदेश टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोलिसांचे बोलणे कूटबद्ध नसले तरी ते आपल्यासाठी नसते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय वायरलेसवर पीडितेचे नाव, जखमीचा पत्ता, पडताळणी न झालेला संशय असे सगळेच बोलले जाते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि घाईत ऐकलेल्या अर्ध्या वाक्यावरून बातमी केल्यास एखाद्या निरपराध कुटुंबाची गावात कायमची नाचक्की होऊ शकते. माझ्या मते हा धोका शिक्षेपेक्षाही मोठा आहे.

आपली अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर उजळ माथ्याने चालणारा उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नोंदवल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे पोलिसांना बंधनकारक आहे. संपर्काची अडचण असलेल्या भागांत ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हे अहवाल रोज पाहावेत आणि ठाण्यातील ठाणे अंमलदार व रुग्णालयातील पोलीस चौकी यांच्याशी नियमित संपर्क ठेवावा.

रेडिओची ओढच असेल, तर केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना घ्यावा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी मराठवाड्यात संदेशवहनाचे काम केले होते. परवाना मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यात ऐकताही येते आणि बोलताही येते.